मुकुटातलं माणिक

ब्रिटिश राजमुकुटात समोरच 'ब्लॅक प्रिन्सेस रूबी' नावाचा सुमारे १७० कॅरटचा लाल खडा आहे. १३६७ साली कॅस्टिलच्या पेद्रो राजाने तो इंग्लंडच्या राजपुत्राला लढाईतल्या मदतीबद्दल दिला, असं सांगतात. फक्त एक घोळ आहे. ते माणिक नाहीच, स्पिनेल आहे!

चूक कोणाचीही होईल, कारण दोन्हींना लाली देतो क्रोमियमच. पण माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, तर स्पिनेलमध्ये मॅग्नेशियमही असतं. काठिण्य माणकाचं ९, स्पिनेलचं ८. माणकात शिरलेला किरण दुभंगतो, म्हणून खडा फिरवला की लालीची छटा किंचित बदलते. स्पिनेल कुठूनही बघा, सारखाच.

युरोपात हा फरक रोमे द लिलने १७८३ मध्ये स्पष्ट केला. आणि गंमत बघा, अकराव्या शतकात गझनीत अल-बिरूनीने 'याकूत' (माणिक) आणि बदख्शानचा 'लाल' (स्पिनेल) वेगळे काढले होते! पाण्याने भरलेल्या भांड्यात खडा टाकायचा, सांडलेलं पाणी तोलायचं. माणिक पाण्याच्या चौपट जड, स्पिनेल साधारण ३.६ पट. ना लेन्स, ना लॅब. युरोप मात्र पुढची सातशे वर्षं रंगावरच भाळलेला.