खिशातल्या चाकूंची खातेवही



आपल्या समूहात आडनावं, कुलदैवतं, जुन्या चाळी, लग्नाच्या पंगती, सगळ्यांवर लिहून झालंय. आज जरा वेगळा विषय. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जुने अमेरिकन लष्करी चाकू जमवतो. खंजीर नव्हेत, घडी करून खिशात ठेवायचे साधे चाकू. घरचे विचारतात, "भाजी चिरायला एक पुरत नाही का?" त्यांना हे लेखी उत्तर समजा.

परदेशी पात्याचं सुरतेला नवल नाही. १६१३च्या सुमारास इंग्रजांची वखार इथे आली, आणि त्यांच्या जहाजांतून तलवारीची पाती, चाकूसुद्धा उतरत. पातं युरोपचं आणि मूठ आपल्याकडची, अशी जी तलवार मराठ्यांच्या हाती शोभली तिला नावच पडलं 'फिरंग'. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात, पण लोखंडाची देवघेव त्याआधीपासून चालू होती.

अमेरिकन चाकू मात्र आले दुसऱ्या महायुद्धात. १९४२ पासून चीनला रसद पोचवायला अमेरिकेचं सैन्य हिंदुस्थानात उतरलं. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे रस्ता काढायचं काम त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालं आणि जानेवारी १९४५ मध्ये पुरं झालं. सुमारे पंधरा हजार अमेरिकन सैनिक त्यावर राबले, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. शिवाय आपले हजारो मजूर. रस्त्याबरोबर टेलिफोनच्या तारा निघाल्या, आणि तारा ओढणाऱ्या प्रत्येक अमेरिकन जवानाजवळ एक चाकू असे: 'टीएल-२९'.

याला दोनच पाती. एक कापायचं, दुसरं स्क्रू फिरवायचं. दुसऱ्याच्या कडेनं तारेवरचं आवरण खरवडता येतं. गंमत म्हणजे खटका आहे तो या स्क्रूच्या पात्याला. जोर लावताना ते मिटून बोटांवर येऊ नये म्हणून. हत्यार कसलं, कामगाराचं अवजार ते!

माझ्या संग्रहातला पहिला चाकू हाच, आणि तो विकत घेतलेला नाही. आमचे थोरले काका तारखात्यात लाइनमन. अमळनेरहून ताप्ती लाइननं सुरतेला आलेलं आमचं घर. काका सांगत, "लढाईत मी आसामात होतो, अमेरिकन गोऱ्यांबरोबर खांबांवर चढलोय, एकानं जाताना हा चाकू दिला." घरात कोणी मनावर घेत नसे. 'काकांचं आसाम' म्हणजे गप्पा, असा वाक्प्रचारच झाला होता. काका गेले तेव्हा त्यांच्या नोकरीचा एक कागद मिळाला नाही. उरला फक्त चाकू.

मी पडलो बँकेचा माणूस. व्हाउचरशिवाय नोंद मान्य नाही. म्हणून चाकू नीट पाहिला. लाकडी मुठीवर 'टीएल-२९' कोरलेलं. पात्याच्या मुळाशी 'कॅमिलस', न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच नावाच्या गावातला कारखाना. (२००७ साली तो बंद पडला.) म्हणजे तारवाल्यांचाच चाकू, तारवाल्याच्याच घरात. यानं काका तिथे होते हे सिद्ध होत नाही. पण त्यांची गोष्ट जमेला धरायला हरकत नाही, एवढा ताळा जुळतो. गप्पिष्ट म्हणून गेलेल्या माणसासाठी हे थोडं नाही.

उलट अनुभवही येतो. गुजरीत एकानं पूर्ण स्टीलचा, चार पात्यांचा चाकू 'वर्ल्ड वॉरचा' म्हणून दाखवला. मुठीवर 'यू.एस.' होतं, साधं पातं, डबा फोडायचं, बाटली उघडायचं आणि भोक पाडायचा टोचा, सगळं बरोबर. पण हा नमुना युद्धाच्या अगदी शेवटी आला आणि पुढे कित्येक वर्षं बनत राहिला. पात्याच्या मुळाशी साल होतं १९६७. म्हणजे व्हिएतनामच्या काळातला! मी घेतला, पण १९६७च्या भावानं.

हा माल इथवर आला कसा? युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला साठा लिलावात निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या आधीच्या पिढीच्या तोंडी होता. जाकिटं, कंदील, तंबू, अवजारं, सगळं बाजारात आलं. पुढे १९८३ पासून खाडीपलीकडच्या अलंगला जहाजं फुटायला लागली आणि तिथल्या दुकानांतूनही जुनी हत्यारं-अवजारं फिरू लागली.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, असल्या घरगुती वस्तू जमवून केवढं संग्रहालय उभं केलं ते आपण जाणतोच. माझी तेवढी ऐपत नाही. पण प्रत्येक चाकूबरोबर मी वहीत एक पान ठेवतो: कोणाचा, कुठून आला, काय सांगितलं गेलं, काय पडताळलं. मुलांना चाकू नकोत, हे मला कळतं. वही मात्र टाकू नका, असं बजावून ठेवलंय.

तेव्हा मंडळी, एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत असा चाकू असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. धारवाल्याच्या चाकावर चकचकीतही करू नका, मुळाशी कोरलेलं नाव आणि साल घासून जातं आणि मग चाकू मुका होतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला आजच विचारा, हा आला कुठून? उत्तर लिहून ठेवा. फोटो इथे टाकलात तर साल ओळखायला मी आहेच.