अंगावर ऊन किती पडतं, हे मोजतात कसं?

बेळगावची हवा गार, म्हणून मार्च-एप्रिल-मे सोडला तर उन्हाचं आपल्याकडे कोणी फारसं मनावर घेत नाही. पण उकाडा वेगळा आणि कातडी करपवणारे अतिनील किरण वेगळे. थर्मामीटरला हे किरण कळत नाहीत. गार वारा सुटला तरी ते पडतातच, पातळ ढगांतून तर बहुतेक खाली येतात.

मोबाईलवर हवामान बघताना 'यूव्ही इंडेक्स' दिसतो. १९९२ साली कॅनडानं सुरू केलेलं हे माप पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरासाठी स्वीकारलं. ३ पासून काळजी घ्यायची, ८ ते १० फार तीव्र, ११ च्या पुढे अतितीव्र.

आता हिशेब. इंडेक्सचा एक अंक म्हणजे चौरस मीटरला २५ मिलिवॅट. इंडेक्स १० असेल तर पाव वॅट, म्हणजे ४०० सेकंदांत १०० ज्यूल. या १०० ज्यूलला एक 'एसईडी' म्हणतात. तासाभरात झाले ९. गोऱ्या कातडीला दोन-तीन एसईडीत लाली येते. आपल्या सावळ्या कातडीला बरंच जास्त लागतं, त्यामुळे परदेशी तक्ते इथं जसेच्या तसे चालत नाहीत. डोळ्यांना मात्र ही सूट नाही. मोतीबिंदूच्या कारणांत हे किरणही आहेत.

पण इंडेक्स सपाट, उघड्या जमिनीचा. माणूस फिरतो, वाकतो, झाडाखाली बसतो. त्याचा हिशेब काढायला अंगावरच माप लावावं लागतं. १९७६ मध्ये डेव्हिस, डीन आणि डिफी यांनी पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म त्यासाठी सुचवली. अतिनील किरणांनी ती बदलते. घालण्याआधी आणि नंतर ती ३३० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषते हे मोजलं की डोस निघतो. स्वस्त आहे, पण कडक उन्हात काही तासांतच भरते. मग बदलावी लागते. शिवाय ती फक्त एकूण बेरीज सांगते. ऊन कुठल्या वेळी लागलं हे कळायला मनगटावरचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लागतं.

बिल्ला कुठं लावला यावरही बरंच ठरतं. भांगलण करणाऱ्या बाईच्या छातीवर लावला तर तो दिवसभर मातीकडे तोंड करून राहणार आणि आकडा कमी येणार. ऊन खातात तिची मान आणि पाठ. म्हणून जाणकार खांदा, मान, मनगट, टोपी अशा चार-पाच ठिकाणी बिल्ले लावतात, आणि कामाच्या वेळांची नोंदही घेतात.

हेच किरण ड जीवनसत्त्वही देतात, त्यामुळे दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांनाही असे बिल्ले लावतात. तिथं प्रश्न उलटा, पुरेसं ऊन मिळतं का.

यंत्राशिवायचा अंदाज म्हणजे सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि किरण जोरात आहेत. बेळगावात मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी ती पायाखाली जाते.