मॅनेजआयक्यू : सार्वजनिक क्लाउडवरील आभासी यंत्रांची उभारणी

मॅनेजआयक्यू : अनेक क्लाउड आणि संस्थेचे स्वतःचे सर्व्हर यांवरील आभासी यंत्रे एकाच ठिकाणाहून उभारण्याची, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची आणि मुदत संपल्यावर ती काढून टाकण्याची मुक्तस्रोत प्रणाली. आभासी यंत्र म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या क्षमतेतून सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला वाटा. वापरणाऱ्याला तो स्वतंत्र संगणकासारखाच दिसतो. कामावरची माणसे त्याला व्हीएम म्हणतात, ॲमेझॉनच्या परिभाषेत तो इन्स्टन्स. अशी यंत्रे कोणालाही भाड्याने देणारी सेवा म्हणजे सार्वजनिक क्लाउड. प्रणालीचा आवाका मोठा आहे. येथे मुख्यतः सार्वजनिक क्लाउडवरील उभारणीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : ॲमेझॉनने २५ ऑगस्ट २००६ रोजी ईसी२ ही आभासी यंत्रे भाड्याने देणारी सेवा चाचणी स्वरूपात खुली केली. ती घडवणारा गट ख्रिस पिंकहॅम यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे काम करत होता. पहिल्या यंत्राचे भाडे तासाला १० सेंट होते. तोपर्यंत सर्व्हर हवा असला की मागणीपत्र, दरपत्रके, मंजुरी, खरेदी आणि जोडणी यांत आठवडे जात. आता क्रेडिट कार्ड आणि काही मिनिटे पुरू लागली.

या सोयीत एक गोष्ट नकळत गळाली. खरेदीची वाट लांबची असली तरी त्या वाटेवर डेडस्टॉक रजिस्टर होते. वस्तू कोणी मागवली, कोणाच्या ताब्यात दिली, तिचे निर्लेखन केव्हा झाले, हे त्यात लिहिलेले असे. भाड्याच्या यंत्राला असे रजिस्टर आपोआप मिळत नाही. क्लाउडच्या कन्सोलवर यंत्राचा क्रमांक, आकार आणि सुरू झाल्याची वेळ दिसते. ते कोणत्या कामासाठी घेतले आणि केव्हा परत करायचे, हे कोणी मुद्दाम लिहिले तरच कळते. मॅनेजआयक्यूसारख्या व्यवस्थापन मंचांचा विचार बहुधा ‘सगळे क्लाउड एका पडद्यावर’ या सोयीपुरता केला जातो. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते त्यांचे खरे महत्त्व हे हरवलेले रजिस्टर परत आणण्यात आहे, आणि पुढील मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

इतिहास : मॅनेजआयक्यू ही कंपनी २००६ मध्ये जोसेफ फिट्झजेराल्ड आणि ओलेग बॅरनबॉइम यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थापन केली. तिचे आरंभीचे उत्पादन ईव्हीएम या नावाने ओळखले जाई. यंत्रात कोणताही मदतनीस प्रोग्रॅम न बसवता बाहेरूनच त्याची डिस्क वाचून आत काय आहे ते सांगणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. डिसेंबर २०१२ मध्ये रेड हॅटने १० कोटी ४० लाख डॉलरना कंपनी घेण्याची घोषणा केली आणि पुढे हीच प्रणाली क्लाउडफॉर्म्स या नावाने विकली. २०१४ मध्ये मूळ संहिता मुक्तस्रोत झाली. मुक्त आवृत्त्यांना बुद्धिबळातील नामवंत खेळाडूंची नावे इंग्रजी वर्णक्रमाने दिली जातात. पहिली आवृत्ती विश्वनाथन आनंद यांच्या नावाने ‘आनंद’. तिच्यामागून बॉट्विनिक, कापाब्लांका, दार्गा, यूवे अशी रांग लागते. ग्रँडमास्टर किताब मिळवणाऱ्या पहिल्या महिला नोना गाप्रिन्दाश्विली यांचेही नाव तीत आहे. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट घेतली. त्यानंतर क्लाउडफॉर्म्सची जागा आयबीएमच्या क्लाउड पॅक मालिकेतील उत्पादनाने घेतली. मुक्त प्रकल्प स्वतंत्रपणे चालू राहिला.

रचना : रुबी ऑन रेल्सवर लिहिलेली; माहिती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये साठते.

क्लाउडशी जोडणी : मंच स्वतः क्लाउड चालवत नाही. प्रत्येक क्लाउडच्या एपीआयला (प्रोग्रॅमकडून आज्ञा घेणाऱ्या दाराला) तो ग्राहकाच्या वतीने विनंत्या पाठवतो, म्हणून त्याच्याकडे अधिकारपत्र असावे लागते. ॲमेझॉनसाठी ॲक्सेस की आणि तिची गुप्त जोडी. ॲझ्युरसाठी टेनंट, सबस्क्रिप्शन आणि क्लायंट यांची ओळख व एक गुप्त किल्ली. गुगलसाठी सर्व्हिस अकाउंटची जेसन फाइल. ॲमेझॉनचा प्रत्येक रीजन (भौगोलिक विभाग) येथे स्वतंत्र पुरवठादार म्हणून नोंदवावा लागतो. मुंबई आणि सिंगापूर दोन्ही हवेत तर दोन नोंदी, जरी खाते एकच असले तरी.

जोडणी झाली की मंच प्रथम गणती करतो : यंत्रे, इमेज (यंत्राचा साचा), नेटवर्क, सिक्युरिटी ग्रुप (ये-जा करू देण्याचे नियम), की पेअर (प्रवेशाच्या किल्ल्यांची जोडी). ही गणती ठरावीक अंतराने पुन्हा होते. दोन गणत्यांमधल्या घडामोडी लगेच कळाव्यात यासाठी ॲमेझॉनच्या कॉन्फिग सेवेचे निरोप घ्यायची सोय आहे. त्यासाठी ॲमेझॉनच्या बाजूला एक टॉपिक (निरोपांची वाहिनी) लागतो आणि त्याचे नाव ‘एडब्ल्यूएसकॉन्फिग_टॉपिक’ असेच ठेवावे लागते. नावात एका अक्षराचा फरक झाला तरी निरोप येत नाहीत.

अधिकारपत्र किती मोठे असावे याबद्दल एकमत नाही. पूर्ण अधिकार दिले तर काहीच अडत नाही, पण मंचात शिरलेल्याच्या हाती सगळे खाते जाते. मोजके दिले तर एखादी क्रिया मध्येच अडते.

विनंती : उभारणीचा गाभा म्हणजे विनंतीचा अर्ज. मुंबई रीजनमध्ये लिनक्सचे एक यंत्र हवे आहे असे समजू. अर्जदार इमेज निवडतो आणि अनेक पानांचा फॉर्म उघडतो. पहिल्या पानावर नाव, ईमेल आणि शेरा. नाव व ईमेल भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रजिस्टरचा पहिला रकाना तो हाच. दुसऱ्या पानावर प्रयोजन : विभाग, खर्चाचे खाते, चाचणीसाठी की प्रत्यक्ष सेवेसाठी, अशा चिठ्ठ्या (टॅग) येथे लावतात. तिसऱ्या पानावर इमेज, यंत्रांची संख्या आणि नाव. चौथ्यावर परिसर : अव्हेलेबिलिटी झोन, नेटवर्क, सबनेट, सिक्युरिटी ग्रुप, स्थिर पत्ता. पाचव्यावर यंत्राचा आकार आणि की पेअर. सहाव्यावर आतल्या मांडणीची क्लाउड-इनिट स्क्रिप्ट. शेवटचे पान वेळापत्रकाचे.

नावाच्या रकान्यात ‘चेंजमी’ हा शब्द आधीच भरलेला आढळतो. तो तसाच राहिला तर मंच आपल्या नियमाने नाव तयार करतो आणि शेवटी तीन आकडी अनुक्रमांक लावतो. आपले नाव देण्याचा मोह अर्जदाराला होतो, पण नियमाने आलेले नाव पुढे वर्षभर शोधायला सोपे जाते.

वेळापत्रकाच्या पानावर निवृत्तीची मुदत विचारली जाते : अनिश्चित, १ महिना, ३ महिने, ६ महिने, आणि पूर्वसूचना १ आठवडा, २ आठवडे की ३० दिवस आधी हवी. या नोंदीच्या दृष्टीने संपूर्ण फॉर्ममधला सर्वांत महत्त्वाचा रकाना हाच. यंत्र मागताना माणसाला ते कशासाठी आणि किती दिवस हवे हे ठाऊक असते. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या विभागात गेलेला असतो, कधी दुसऱ्या कंपनीत, आणि चालू यंत्र बंद करण्याची जबाबदारी कोणीच अंगावर घेत नाही. ‘अनिश्चित’ हा पर्याय फॉर्ममधून काढून टाकता येतो. तो काढावाच.

सादर झालेली विनंती लगेच अमलात येत नाही. प्रथम मंजुरी आणि कोटा (ठरवून दिलेली मर्यादा) तपासला जातो. मूळ मांडणीत एकाच यंत्राची मागणी आपोआप मंजूर होते, त्याहून अधिक असल्यास ती व्यवस्थापकाकडे जाते. हा आकडा आणि मंजुरीचे निकष संस्थेला बदलता येतात. मात्र मंचासोबत आलेली या नियमांची मूळ प्रत कुलूपबंद असते. ती आपल्या डोमेनमध्ये (संस्थेच्या स्वतंत्र कप्प्यात) उतरवून घ्यावी लागते आणि तिथली प्रत मूळ प्रतीच्या आधी वाचली जाते. मंच अद्ययावत केला तरी संस्थेचे नियम त्यामुळे पुसले जात नाहीत.

अंमल : मंजुरीनंतर विनंतीचे कार्यात रूपांतर होते आणि ते टप्प्याटप्प्याने चालते : नाव ठरवणे, जागा निवडणे, पूर्वतयारी, प्रत्यक्ष उभारणी, तपासणी, मालकाला ईमेल, समाप्ती. उभारणीच्या टप्प्यावर क्लाउडला आज्ञा जाते आणि क्लाउड यंत्राचा क्रमांक लगेच परत देतो. यंत्र मात्र अजून तयार नसते. म्हणून तपासणीचा टप्पा मिनिटभराने पुन्हा विचारतो, मग पुन्हा. यंत्र क्लाउडवर चालू असूनही मंचावर काही काळ ‘काम चालू’ दिसते ते यामुळे. नवखे लोक येथे घाबरून दुसरी विनंती टाकतात आणि एकाऐवजी दोन यंत्रे उभी राहतात.

यंत्राची आतली मांडणी क्लाउड-इनिट करते. पहिल्यांदा सुरू होताना ते १६९.२५४.१६९.२५४ या अंतर्गत पत्त्यावरून आपली स्क्रिप्ट मागवते. ईसी२वर या मजकुराला १६ किलोबाइटची मर्यादा आहे. त्याहून मोठे काही असेल तर स्क्रिप्टने ते बाहेरून उतरवून घ्यायचे. पासवर्ड या स्क्रिप्टमध्ये लिहू नयेत, कारण यंत्रातील कोणताही प्रोग्रॅम तो पत्ता वाचू शकतो. याच पत्त्यावरून यंत्राचे तात्पुरते अधिकारही मिळतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेची माहिती चोरली गेली तेव्हा हल्लेखोराने हीच वाट वापरली होती; त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने आधी टोकन मागणारी नवी पद्धत आणली.

अवस्थांची नावे : अनेक क्लाउड एका यादीत आणताना सर्वांत बारीक काम यंत्राच्या अवस्थेचे असते, कारण शब्द तेच आणि अर्थ निराळे. ॲमेझॉनवर ‘टर्मिनेटेड’ म्हणजे यंत्र कायमचे गेले. गुगलवर ‘टर्मिनेटेड’ म्हणजे नुसते थांबले. हवे तेव्हा सुरू होते. ॲझ्युरवर ‘स्टॉप्ड’ आणि ‘स्टॉप्ड, डीॲलोकेटेड’ अशा दोन अवस्था आहेत. यंत्राच्या आत शिरून ते शटडाउन केले तर पहिली येते आणि प्रोसेसरचे भाडे चालूच राहते. पोर्टलवरून किंवा मंचावरून थांबवले तर दुसरी येते आणि ते भाडे थांबते. मॅनेजआयक्यू पहिलीला ‘सस्पेंडेड’ आणि दुसरीला ‘ऑफ’ दाखवतो. हा फरक माहीत नसलेल्याला यादीतला तो एक शब्द क्षुल्लक वाटेल. बिल पाहणाऱ्याला वाटणार नाही. थांबवलेल्या यंत्राच्या डिस्कचे भाडे तर तिन्ही ठिकाणी द्यावेच लागते.

नेटवर्क : बहुधा आधी तयार असलेले नेटवर्क निवडले जाते.

खर्च : ॲमेझॉनने २ ऑक्टोबर २०१७ पासून लिनक्स यंत्रांची आकारणी सेकंदावर आणली, किमान ६० सेकंद. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, तो वापरात असो वा नसो. मंचातील चार्जबॅक विभाग संस्थेने भरलेल्या दरांनुसार विभागवार हिशेब काढतो. तो क्लाउडच्या बिलाशी तंतोतंत जुळेलच असे नाही.

अन्य साधने : हॅशिकॉर्पचे टेराफॉर्म २०१४ मध्ये आले. त्यात यंत्रांचे वर्णन फाइलमध्ये लिहून तेवढ्यावरून उभारणी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू ही मुक्त शाखा निघाली. फाइलने उभारणी करणाऱ्यांना फॉर्म आणि मंजुरीची गरज उरते का, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. टेराफॉर्म आपल्या व्यवस्थापनाखाली घेतलेल्याच गोष्टींची नोंद ठेवते. मॅनेजआयक्यू खात्यात जे जे सापडेल ते सर्व मोजतो. दोन्ही एकत्र वापरणाऱ्या संस्थाही आहेत.

भारतीय संदर्भ : ॲझ्युरची पुणे, मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रे २०१५ मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनचा मुंबई रीजन जून २०१६ मध्ये आणि गुगलचा मुंबई रीजन २०१७ मध्ये सुरू झाला. पुण्याचे केंद्र ॲझ्युरच्या यादीत ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने येते. फॉर्ममध्ये पुणे शोधणाऱ्यास ते सापडत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात.

निर्लेखन : मुदत भरली की मंच निवृत्तीचे टप्पे चालवतो : यंत्र बंद करणे, बंद झाल्याची खात्री, क्लाउडवरून काढणे, काढल्याची खात्री. क्लाउडवरून गेलेल्या यंत्राची नोंद मंचावर ‘आर्काइव्हड’ म्हणून ठेवता येते, म्हणजे ते कोणी, केव्हा मागवले होते हे नंतरही पाहता येते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. मंचातूनच उभारलेले यंत्र मुदतीनंतर खरोखर काढले जाते. कोणी थेट कन्सोलवरून उभारलेले आणि गणतीत सापडलेले यंत्र मूळ मांडणीत फक्त निवृत्त म्हणून चिन्हांकित होते. ते बंद होते, पण नष्ट होत नाही. मंचाने न दिलेली वस्तू मंचाने मोडीत काढू नये, असा त्यामागचा सावधपणा आहे आणि तो योग्य आहे. अशी यंत्रेही काढायची असतील तर त्यांना ‘रिटायर_फुल’ ही चिठ्ठी आधी लावावी लागते. ॲमेझॉनवर यंत्र काढल्यावरही त्याला दिलेला स्थिर पत्ता खात्यातच राहतो, आणि नंतर जोडलेल्या डिस्क ‘यंत्रासोबत नष्ट करा’ असे नमूद नसल्यास तशाच उरतात. हे दोन्ही सोडवण्यासाठी निवृत्तीच्या क्रमात संस्थेला आपला एक टप्पा घालता येतो; तो नसेल तर डिस्कची यादी महिन्याकाठी हाताने तपासावी लागते.