माणसाच्या मापाची सायकल

चप्पल घेताना आपण पाय घालून बघतो. सदरा शिवताना शिंप्याकडे मापं देतो. सायकल घेताना मात्र रंग बघतो, किंमत विचारतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. मीही तेच केलं. त्या चुकीमुळे मी सायकलच्या इतिहासाकडे वळलो.

माझं लहानपण पुण्यात गेलं. तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. वडिलांची काळी, बावीस इंची सायकल होती. तिची सीट त्यांनी अगदी खाली बसवलेली होती, कारण चौकात थांबताना पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आम्ही मुलं त्याच सायकलच्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकलो. सायकल आपल्या मापाची असावी, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. आपणच मोठं होऊन तिच्या मापाचं व्हायचं!

वयाच्या बावन्नाव्या वर्षी हौस म्हणून मी पातळ टायरची, वाकड्या हँडलची रोड बाइक घेतली. दुकानात एकच शिल्लक होती, ५६ सेंटिमीटर चौकटीची. ‘तुम्हाला चालून जाईल,’ असं सांगून दुकानदाराने सीट खाली केली, पाय टेकतात का ते बघितलं आणि पावती फाडली. दोन महिन्यांत गुडघ्यांच्या वाट्या दुखू लागल्या. खडकवासल्यापर्यंत जाऊन येईतो हातांची शेवटची दोन बोटं बधिर होत. ‘आता वय झालं,’ असं घरचे म्हणाले आणि मलाही ते पटलं. सायकल विकायची ठरवून मी ती एका जुन्या मेकॅनिककडे पुसायला नेली. त्यांनी मला एकदा तिच्यावर बसवलं आणि विचारलं, “साहेब, ही सायकल कोणाची आहे?”

हा प्रश्न सायकलच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम इथे कार्ल ड्राइस यांनी लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली. तिला पायडल नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचं. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा नियम त्या गाडीला बरोबर लागू होता. गंमत म्हणजे पायडल आलं, चेन आली, तरी आपण सीट अजून त्याच नियमाने लावतो.

पुढे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच बसवलं गेलं. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. मग वेग हवा तर चाक मोठं करा! १८७०च्या दशकात पुढचं चाक पुरुषभर उंचीच्या जवळ जाऊन पोचलं. पण ते किती मोठं घ्यायचं, हे गिऱ्हाइकाच्या पायाच्या लांबीवर ठरे. लांब टांगांच्या माणसाला मोठं चाक, बुटक्याला लहान. म्हणजे मापाप्रमाणे सायकल ही चैन नव्हती, तो नाइलाज होता. आणि इतक्या उंचीवरून माणूस तोंडावर पडला की दुखापतही तशीच होई.

यातून सुटका केली ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी. १८८५ साली त्यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. जवळजवळ सारखी दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन. आता वेग दात्यांच्या हिशेबावर ठरू लागला, पायाच्या लांबीवर नाही. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि हाडं खिळखिळी होणं कमी झालं. एकच चौकट पुष्कळांना ‘चालून जाऊ’ लागली. आणि मला वाटतं, माप घेण्याची सवय सुटली ती इथेच. सायकल स्वस्त झाली, घरोघर गेली, हे मोठंच काम झालं. पण अंगाचं माप मागे पडलं.

गिअरची कथाही अशीच. फ्रान्समध्ये सेंट एतिएनच्या पॉल द व्हिवी यांनी १८८७ साली सायकलवर मासिक सुरू केलं. ‘व्हेलोसिओ’ या नावाने ते लिहीत. डोंगराळ मुलखात हिंडणाऱ्या सामान्य माणसाला गिअर हवेतच, असा त्यांचा आग्रह होता. उलट टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी वापरावेत, असं त्यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. मी बावन्नचा. म्हणजे देग्रांजसाहेबांच्या हिशेबानेही मला गिअरची मुभा होती!

शास्त्रशुद्ध मापाची चर्चा सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती बरीच नंतर. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणारे अमेरिकेचे ग्रेग लेमंड यांनी १९८०च्या दशकात एक सोपं गणित लोकप्रिय केलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला ०.८८३ने गुणायचं. येईल तितकी उंची पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायची. माझं माप ८० सेंटिमीटर. म्हणजे सीट साधारण ७०.६ला हवी. ती होती ६६ला!

मेकॅनिककाकांना हे गणित ठाऊक नव्हतं. त्यांची रीत जुनी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचं. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मग पंजाने पायडल मारताना गुडघ्यात जरासा बाक आपोआप राहतो. त्यांनी या रीतीने लावलेली सीट मी घरी येऊन टेपने मोजली. गणितात आणि काकांच्या टाचेत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला. मोठी चौकट काही लहान करता येत नाही. पण हँडल धरणारा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो त्यांनी आखूड बसवला. त्यामुळे हातांवर पडणारं वजन कमी झालं. थांबताना आता सीटवरून उतरून पाय टेकावा लागतो. चार दिवसांत सवय झाली. महिन्याभरात गुडघे गप्प झाले, बोटंही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. रंग आणि किंमत नंतर बघा, आधी टेप घेऊन स्वतःला मोजा. मापाची चौकट नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. टायर थोडे रुंद घ्या. अगदी पातळ टायरच जास्त पळतो ही समजूत आता मागे पडली आहे आणि आपले खड्डे तर तुम्हाला माहीत आहेतच. दुखलं तर वयाला बोल लावण्याआधी पाना हातात घ्या. आणि रस्त्यावर व्हेलोसिओंचा सल्ला आठवा: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नका. कात्रजच्या जुन्या घाटात पोरं मला मागे टाकून जातात. जाऊ द्यावं. माथ्यावरचा वारा त्यांना आणि मला सारखाच लागतो.

वडील आता नाहीत. त्यांची सायकल जिन्याखाली आहे. परवा तिची सीट वर करून पाहायला गेलो, तर दांडी गंजून घट्ट बसलेली. इतक्या वर्षांत ती कोणी हलवलीच नव्हती. सध्या तिला रोज तेल घालतो आहे. निघेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)