बिनतारी संदेशाचा अदब

उर्दूत 'अदब' म्हणजे साहित्य आणि 'अदब' म्हणजेच रीतभात. कधी बोलावं, किती बोलावं आणि कधी गप्प राहावं, हे त्या दुसऱ्या अर्थात येतं. समुद्रावरच्या बिनतारी संदेशांचेही असेच आदाब आहेत. वरवर पाहता ते नुसते नियम वाटतात. त्यांचा इतिहास वाचला की कळतं, त्यातल्या बऱ्याच नियमांची किंमत कुणीतरी जिवानिशी मोजली आहे.

१४ एप्रिल १९१२ ची रात्र घ्या. 'टायटॅनिक'वरचा बिनतारी यंत्रचालक जॅक फिलिप्स कामात बुडालेला होता. यंत्र आदल्या दिवशी बिघडलं होतं. दुरुस्त झाल्यावर श्रीमंत प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग साचला होता आणि तो न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे पाठवायचा होता. रात्री अकराच्या सुमारास 'कॅलिफोर्नियन' जहाजावरच्या सिरिल इव्हान्सने कळवलं की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. जहाज जवळ असल्यामुळे त्याचा आवाज फिलिप्सच्या कानात जोरात आदळला. फिलिप्सने त्याला गप्प बसायला सांगितलं. तो केप रेसशी बोलत होता. इव्हान्स थोडा वेळ ऐकत राहिला, मग यंत्र बंद करून झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी 'टायटॅनिक' हिमनगावर आदळलं.

या प्रसंगात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. फिलिप्स शेवटपर्यंत मदतीची हाक देत राहिला आणि त्यातच गेला. इव्हान्स त्या जहाजावर एकटाच यंत्रचालक होता आणि एकटा माणूस कधीतरी झोपणारच. 'कार्पेथिया'वरचा हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता, पण कानावरचं यंत्र अजून उतरवलेलं नव्हतं. तेवढ्यामुळे सातशेहून अधिक माणसं वाचली. सुमारे पंधराशे बुडाली. दोष होता तो व्यवस्थेचा. खासगी निरोप आणि धोक्याचा निरोप एकाच रांगेत उभे होते, आणि ऐकत राहणं हे कुणाचंच बंधनकारक काम नव्हतं.

जानेवारी १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. महायुद्धामुळे तो ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही, तरी दिशा पक्की झाली. पुढे जहाजांच्या बिनतारी खोल्यांत एक खास घड्याळ आलं. तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे दोन लाल आणि दोन हिरवे कप्पे. काटा लाल कप्प्यात, म्हणजे १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या दरम्यान असला, की ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी तोंड मिटायचं आणि फक्त ऐकायचं. हिरव्या कप्प्यांत तीच शांतता २१८२ किलोहर्ट्झवर. एखादा क्षीण आवाज मदत मागत असेल, तर तो आपल्या गोंगाटात हरवू नये, एवढाच हेतू.

तोंडी बोलण्याचे बिनतारी संच आले तेव्हा 'एसओएस' पुरेना, कारण खरखरीत 'एस' हे अक्षर नीट ऐकू येत नसे. १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचा अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड याने 'मेडे' हा शब्द सुचवला. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घेतलेला होता, कारण तिथली बरीचशी विमानं पॅरिसला ये-जा करत.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १७ जुलै १९४७. रमजान तोंडावर आला होता, स्वातंत्र्य महिन्यावर. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई इतकी जवळ, तरी कित्येक तास मुंबईला पत्ताच नव्हता. 'टायटॅनिक'नंतर पस्तीस वर्षांनीही कोकणच्या माणसाच्या बोटीला हाक मारायला आवाज नव्हता.

आज हौसेनं बोट घेऊन निघणाऱ्यालाही लहानसा व्हीएचएफ संच परवडतो. त्याचे आदाब थोडे आहेत. निघण्याआधी संच तपासावा. १६ नंबरचा चॅनेल सतत ऐकावा. तो हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी आहे, गप्पांसाठी नाही. आधी समोरच्या बोटीचं नाव, मग आपलं. उत्तर मिळालं की दुसऱ्या चॅनेलवर जावं. जिवावर बेतलं तरच 'मेडे' तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग ठिकाण, काय झालं, माणसं किती. निकड आहे पण जीव धोक्यात नाही, तर 'पॅन-पॅन'. दुसऱ्याचा 'मेडे' कानावर आला तर आपलं बोलणं थांबवावं, लिहून घ्यावं, आणि कुणीच उत्तर देत नसेल तर आपण द्यावं. गंमत म्हणून खोटी हाक कधीच देऊ नये. मोबाइल आहे म्हणून संच नको, असं काही जण म्हणतात. पण मोबाइलवर एकच माणूस ऐकतो, आणि किनाऱ्यापासून दूर तोही ऐकत नाही. संचावरची हाक आसपासची प्रत्येक बोट ऐकते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जवळची मदत तीच असते. 'रामदास'च्या वेळीही माणसं ओढून काढली ती आसपासच्या कोळ्यांनीच.

१ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांवर उपग्रह आणि आपोआप संकेत देणारी नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. लाल कप्प्यांची घड्याळं संग्रहालयांत गेली. १६ नंबरवर मात्र अजूनही माणसांनाच कान द्यावा लागतो.