ओवीचा पत्ता

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ शके १५६७ मध्ये पुरा केला. शकात ७८ मिळवले की इसवी सन १६४५ येतो. हिजरी सन त्या वेळी १०५५ चालू होता. या ग्रंथात ‘खरा पीर ज्याला मुसलमान म्हणतात, त्यालाच मराठी माणसे सद्गुरू म्हणतात’ अशा आशयाची ओवी आहे. माझ्या मते ती ओवी म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक कोशनोंदच आहे. एका भाषेतला शब्द, दुसऱ्या भाषेतला पर्याय, आणि दोन्ही वापरणारे लोक कोण, तेही सांगितलेले.

पण कोशात ‘पीर’ शब्द उघडावा तर बहुधा काय दिसते? मोल्सवर्थने आपल्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दांपुढे उगमाची अक्षरे घातली, अरबी, फारसी, हिंदुस्थानी, संस्कृत. पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तिथेही नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात ‘फा.’ किंवा ‘अर.’ असते. ही खूण शब्द कुठून आला ते सांगते. तो मराठीत येऊन कोणाच्या घरी राहिला, हे सांगायला अवतरणच लागते. म्हणून अवतरण कसे छापावे हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका कारकुनी नाही.

हे दोन्ही कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही (१९९९) तिथे आहे. मात्र तो सन १३५० च्या सुमारास थांबतो, त्यामुळे शेख महंमद, शहा मुंतोजी, शहामुनी हे सगळे त्याच्या हद्दीबाहेर राहतात. वा. सी. बेंद्रे यांनी संपादलेला ‘योगसंग्राम’ १९५९ साली आला, म्हणजे दाते-कर्वे यांचे काम संपल्यावर. रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ १९६७ चे. पुढचा ऑनलाइन कोश करणाऱ्याला ही सोय आहे, ती आधीच्या कोशकारांना नव्हती.

दाते-कर्वे यांची रीत साधी आणि चांगली आहे. एकेरी अवतरणचिन्हांत ओवीचा तुकडा, मग ग्रंथाचे संक्षिप्त नाव, मग अध्याय आणि ओवीचा आकडा. ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी. ‘ख्रिपु’ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण; त्याचा पत्ता तीन आकड्यांचा, कारण पुराणे दोन, त्यात अवस्वर आणि मग ओव्या. हा पत्ता हदीसच्या अभ्यासकाला नवा वाटायचा नाही. मत्न कितीही सुंदर असो, सनद नसेल तर तो बाजूला ठेवतो.

ख्रिस्तपुराणाचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. पण या तिन्ही छाप्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला हस्तलिखितांवरून रोमनमध्येच प्रत काढली. तिच्यात ‘पुराण’मधला ण दोन वेळा ‘एन’ लिहून दाखवला आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ती देवनागरीत आणली. लंडनला मार्सडेन संग्रहात एक देवनागरी पोथी आहे, तिच्यात काही पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. आता कोशात नुसते ‘स्टीफन्स, १६१६’ लिहिले तर तो शब्द यांतल्या कोणाचा? साल लेखकाचे, पाठ दुसऱ्याचा आणि लिपी तिसऱ्याची, असा घोटाळा होतो. आकड्यांचेही तसेच. फ्ल्यूगेलने १८३४ मध्ये लाइपझिगला छापलेल्या कुराणातील आयतींचे क्रमांक १९२४ च्या कैरो प्रतीशी अनेक ठिकाणी जुळत नाहीत. जुन्या युरोपीय पुस्तकातला संदर्भ उघडून आयत सापडत नाही, तेव्हा चूक लेखकाची नसते, प्रत वेगळी असते. आवृत्तीचे नाव हा पत्त्यातला पिनकोड आहे.

ओवी चार ओळींत तोडावी की सलग ठेवावी, यावर मी हट्ट धरणार नाही. पोथीत शब्दसुद्धा सुटे नसत. दंड आणि आकडा एवढाच थांबा. तेव्हा सलग ओळीत दंड राखले तरी पुरे.

हट्ट आहे तो अक्षरांचा, आणि इथे दोष आपल्याकडूनही होतो. अवतरण उतरवताना ‘महंमद’चे ‘मुहम्मद’, ‘कुराण’चे ‘कुरआन’ करायचा मोह आपल्यातल्या शिकलेल्या माणसाला होतो; ज आणि फ खाली नुक्ते देण्याचाही. अदबीपोटी होते, हे मान्य. पण त्याच वेळी दुसरा संपादक तोच शब्द संस्कृत वळणाकडे ओढत असेल तर त्याला अडवायचे कोणत्या तोंडाने? शेख महंमदांनी आपल्या धर्मबांधवांना ‘अविंध’ म्हटले आहे, कान न टोचलेले. आज तो शब्द कानाला खटकतो. अर्थ देताना कोशकाराने तसे नोंदवावे, अवतरणात हात घालू नये. शुद्ध रूप द्यायचेच तर चौकटी कंसात, आपल्या जबाबदारीवर.

आमच्या रत्नागिरीत राजिवड्याला आणि मिरकरवाड्याला कोणी ‘मस्जिद’ म्हणो की ‘मशीद’, अजान एकच ऐकू येते. कोशाला मात्र दोन्ही शब्द लागतात, आणि प्रत्येकाखाली ज्याने जसे लिहिले तसे, त्याच्या ओवीच्या आकड्यासह.