न बांधलेल्या मंदिराची मापे

वणीजवळच्या सप्तशृंग गडावरील अठरा भुजांची देवी कड्याच्या खडकातच आहे. तेथे मूर्ती आधी आणि मंदिर नंतर. वणीत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा क्रम अंगवळणी पडलेला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले व त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेले बायबलचे मराठी भाषांतर अभ्यासताना मात्र यहेज्केलाच्या चाळिसाव्या अध्यायाशी आम्ही थबकलो. तेथे मंदिरच नाही. आहेत ती केवळ मापे.

बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतर चौदाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५७३ च्या सुमारास, बंदिवासातील या संदेष्ट्याला दृष्टान्त होतो. पितळेसारखा दिसणारा एक पुरुष, हाती दोरी आणि मोजण्याची काठी. काठी सहा हातांची, पण हा हात नेहमीच्या हाताहून चार अंगुळे मोठा. साधा हिब्रू हात २४ अंगुळांचा, कौटिल्याचाही तेवढाच. त्यामुळे मराठीतला 'हात' येथे परका वाटत नाही.

पुढे दारे, देवड्या, ओवऱ्या यांची लांबी-रुंदी येत राहते, उंची क्वचितच. एवढ्यावर कोणताही गवंडी इमारत उभारू शकणार नाही. मग मोजायचे कशासाठी? त्रेचाळिसावा अध्याय उत्तर देतो: लोकांनी हा आराखडा मोजावा आणि आपल्या अपराधांची लाज धरावी. अपराध कोणता, तेही तेथेच आहे. राजांनी आपला उंबरठा देवाच्या उंबरठ्याला भिडवला होता. मध्ये केवळ एक भिंत. नव्या आराखड्यात चौफेर पाचशेची भिंत पवित्र आणि सामान्य यांना वेगळे करते. (पाचशे काठ्या की पाचशे हात, यावर हिब्रू संहिता व प्राचीन ग्रीक भाषांतर यांचे जुळत नाही, फरक सहापट!) अधिपतीची जमीन पवित्र क्षेत्राच्या बाहेर, दोन्ही बाजूंना.

पंचेचाळिसाव्या अध्यायात हीच मोजणी बाजारात उतरते. अधिपतींनी प्रजेला जमिनीवरून हुसकावू नये, असे बजावून लगेच खऱ्या तराजूची व खऱ्या मापांची आज्ञा येते. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात, ते येथे राजवाड्यापासून दुकानापर्यंत एकाच काठीने मोजलेले आहे. म्हणूनच या आकड्यांत भावी इमारतीचा नकाशा शोधण्यापेक्षा सत्तेला आखून दिलेली हद्द पाहणे आम्हांला अधिक सयुक्तिक वाटते.

इ.स.पू. ५१५ मध्ये यरुशलेमात दुसरे मंदिर पूर्ण झाले, ते या मापांचे नव्हते. पुढे 'प्रकटीकरणा'त पुन्हा काठी येते, सोन्याची. तिने नगर मोजले जाते. त्या नगरात मंदिर नसते.